कूस बदलण्याचा तक्ता

आबांना दवाखान्यातून सरळ आमच्याकडे आणायचं ठरलं, तेव्हा माझ्या हातात दीड दिवस होता. आबा म्हणजे माझे सासरे. दिंडोरीच्या पुढे त्यांचं गाव, तिथे द्राक्षबाग. ट्रॅक्टरच्या पायरीवरून त्यांचा पाय सटकला आणि उजव्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण हाड ठिसूळ निघालं. सहा आठवडे हा पाय जमिनीला टेकवायचा नाही, असं डॉक्टरांनी त्यांना तीनदा सांगितलं. तीनदा, कारण पहिल्या दोन वेळा आबांनी "छाटणी तोंडावर आली" एवढंच उत्तर दिलं होतं.

गावच्या घरात संडास अंगणाच्या पलीकडे. आमचा फ्लॅट नाशिकरोडला, तळमजल्यावर. तेव्हा चर्चेला जागाच नव्हती. मी यादी करायला घेतली.

यादीशिवाय मला सुचत नाही. फ्रिजवर किराण्याची, कपाटाच्या आतल्या बाजूला बिलांच्या तारखांची, शाळेच्या पर्समध्ये शाळेची. मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. शाळा सकाळची. एक वाजता घरी येते आणि तेव्हापासून झोपेपर्यंत मी बसलेली कोणाला दिसत नाही, असं नवरा म्हणतो. तो एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात आहे, पाळीची नोकरी. तो घरात असला की बसलेलाच असतो, त्यामुळे त्याला फरक लगेच कळतो.

दीड दिवसात मी हॉल रिकामा केला. सोफा एका भिंतीला उभा लावला. हँडल फिरवून डोक्याची बाजू वर करता येते असा लोखंडी बेड भाड्याने आणला आणि गॅलरीच्या दाराशी ठेवला, म्हणजे आबांना रस्ता दिसेल. बेडच्या पायथ्याशी क्लिपबोर्डवर तक्ता अडकवला. आडव्या ओळीत तास, उभे रकाने कामांचे. औषध. पाणी. लघवी. बेड वर. बेड खाली. वर सरकवणे. कूस. त्वचा. शेवटचे दोन रकाने दवाखान्यातून मिळालेल्या कागदावरून घेतले होते. त्यावर लिहिलं होतं, दर दोन तासांनी कूस बदलावी आणि पाठीची त्वचा रोज पाहावी.

बाकीची कामं मी वाटून घेतली. हे दोन रकाने मात्र माझे नव्हते आणि कधी होतील असं कोणाच्या मनातही आलं नाही. लग्नाला चोवीस वर्षं झाली, पण गावी गेले की आबांसमोर डोक्यावरचा पदर मी आजही सोडत नाही. ते माझ्याशी थेट बोलतही नसत. चहात साखर कमी असली तर सासूबाईंना सांगत, "तिला म्हना, साखर इसरली." मी ओट्याशी, ते चार हातांवर. सासूबाई मग तेच वाक्य माझ्याकडे वळवत. या व्यवस्थेत कोणाचं काही अडलं नव्हतं. सून सासऱ्यांच्या पाया पडते, ताट वाढते, पाणी देते. त्यापलीकडे अंगाला हात लावत नाही.

म्हणून कूस आणि त्वचा सासूबाईंकडे दिली. माझं काम विचारण्याचं. मी स्वयंपाकघराच्या दारात पेन घेऊन उभी राहायची.

"आई, कूस बदलली?"

"बदलली."

"पाठ बघितली? लाल वगैरे काही?"

"ठीक हाय."

मी बरोबरची खूण करायची. अठरा दिवस. सगळ्या चौकोनांत खुणा, एकही रिकामा नाही. नवऱ्याने तक्त्याचा फोटो काढून पाळीवरच्या मित्रांना पाठवला. मला ते आवडलं होतं, हे मी कबूल करते.

दिवस मी असा बसवला होता. सकाळी आठला हँडल फिरवून डोक्याची बाजू वर. चहा, नाश्ता, पेपर, रस्ता. बाराला खाली. चारला पुन्हा वर, सातपर्यंत. आबा नुसते पडून राहू नयेत, माणसात असावेत, असा माझा हेतू होता. वर केलेल्या बेडवरून ते हळूहळू खाली घसरायचे. तासाभरात हनुवटी छातीला लागायची, पाय पायथ्याच्या लोखंडाला. म्हणून 'वर सरकवणे'. नवरा आणि शेजारचे निवृत्त काका दोन्ही बाजूंनी त्यांना बगलेत धरून वर ओढायचे. दिवसातून चार वेळा. तेही तक्त्यात होतं.

आबा काही बोलत नसत. ओढलं की डोळे मिटायचे आणि उघडायचे.

एकोणिसाव्या दिवशी मी शाळेतून येऊन चादरी मशीनला लावत होते. एका चादरीच्या मध्यावर बांगडीएवढा पिवळट डाग होता. मी तो नाकाशी नेला. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला वास कशाचा ते कळायला वेळ लागत नाही.

"आई, हे काय आहे?"

सासूबाई ओशाळल्यासारख्या झाल्या. "तेल सांडलं व्हतं."

"तेलाला असा वास येत नाही."

त्यांनी माझ्या हातातून चादर ओढून घेतली, तिची घडी घातली, परत उलगडली. मग खाली बसल्या. "बारीक फोड व्हता. मी खोबरेल चोळून राहिले रोज. जाईल म्हटलं."

"किती दिवस झाले?"

"सात. आठ असतील."

"मी रोज विचारत होते."

"तू पोरगी. तुला काय सांगायचं, कुठं झालं ते?"

नवरा त्या दिवशी घरी होता. मी त्याला हॉलमध्ये पाठवलं आणि स्वतः स्वयंपाकघरात उभी राहिले. दोन मिनिटांनी तो बाहेर आला. मी म्हटलं, फोटो काढ. तो परत आत गेला. माझ्या सासऱ्यांच्या माकडहाडावरची जखम मी पहिल्यांदा पाहिली ती नवऱ्याच्या फोनवर, ओट्याशी उभी राहून, बोटांनी मोठी करून. सुनेने प्रत्यक्ष पाहायची नव्हती ती जागा, पण फोटो चालला. मधे लिंबाएवढा खड्डा, कडा काळसर, भोवती जांभळं कडं. बाजूला कापडाचं काहीतरी दिसत होतं. मी ते आणखी मोठं केलं. चुंबळ होती. जुन्या लुगड्याची, घट्ट पिळून गोल बांधलेली, डोक्यावर हंड्याखाली ठेवतात तशी.

डॉक्टरांना फोटो गेला. त्यांचा फोन आला. मी लिहून घेतलं. जखम खोल आहे. हाडापर्यंत पोचली तर परत भरती करावं लागेल, मांडीचं मांस आणून ती बुजवावी लागेल, आणि या वयात त्यांना दुसऱ्यांदा भूल द्यायला ते तयार नव्हते. ड्रेसिंगला सिस्टर पाठवतो म्हणाले. "दोन आठवडे बघू. इकडे किंवा तिकडे." मी 'इकडे किंवा तिकडे'सुद्धा लिहिलं आणि मग खोडलं.

सिस्टर देवळाली कॅम्पहून स्कूटरवर आल्या. पन्नाशीच्या, उंच, बोलायला सैल आणि हाताला पक्क्या. आल्या आल्या त्यांनी क्लिपबोर्ड काढून पानं उलटली.

"हे कोणी केलं?"

"मी."

"झकास आहे. आमच्या वॉर्डात असं नव्हतं कधी." त्यांचं बोट शेवटच्या रकान्यावर थांबलं. "ही त्वचा कोण बघत होतं?"

"आई सांगायच्या. मी खूण करायचे."

"म्हणजे कानांनी बघितली," त्या म्हणाल्या आणि हातमोजे चढवले.

मी स्वयंपाकघरात गेले. तिथून आवाज येत होता. चुंबळ त्यांनी दोन बोटांनी धरून वर काढली असणार, कारण सासूबाई लगेच म्हणाल्या, "मऊ लुगड्याची हाय. मधी पोकळी ऱ्हाते ना, म्हंजी जखमेला टेकत नाय. चाळीस वर्सं डोक्यावर पानी वाह्यलं मी. टाळूला ओरखडा नाय."

"आजी, तुम्ही हंडा घरी आल्यावर उतरवत होता. बाबा अठरा दिवस उतरलेले नाहीत."

आबा हसले. घसा खरवडल्यासारखं, पण हसले.

जाण्यापूर्वी सिस्टर मला दाराशी घेऊन गेल्या. चुंबळ कडेने आवळते, मधल्या कातडीला रक्त मिळत नाही, म्हणून ती आधी गेली. पण सुरुवात चुंबळीने झालेली नाही, असं म्हणून त्यांनी माझ्याकडे नाही, बेडच्या हँडलकडे पाहिलं. "दिवसाचे सात तास बसवत होता तुम्ही त्यांना. तो घसरत होता ना माणूस?"

"हो. म्हणून वर ओढायचे."

"कसं?"

"बगलेत धरून."

त्यांनी आपल्या मनगटावरची कातडी दोन बोटांनी धरून जागच्या जागी पुढे-मागे केली. "कातडी चादरीला चिकटून राहते. हाड आतून खाली जातं. मधल्या बारीक नळ्या ताणून तुटतात. वरून आठ दिवस काही दिसत नाही."

त्या आठवड्यात नववीला माझा बलांचा धडा चालू होता. वीस वर्षं मी फळ्यावर तेच चित्र काढते. एक टेबल, त्यावर पुस्तक. पुस्तकातून खाली एक बाण, ते वजन. टेबलातून वर एक बाण, ती टेबलाची प्रतिक्रिया. दोन्ही सारख्या लांबीचे. निव्वळ बल शून्य, म्हणून पुस्तक स्थिर. मुली वहीत पट्टीने बाण काढतात, मी सही करते. दहा मिनिटांचं काम.

दुसऱ्या दिवशी मी खडू घेऊन उभी राहिले आणि मला ते चित्र पुढे नेता येईना. शून्य कोणासाठी? पुस्तक जागचं हललं नाही, एवढंच त्या शून्याने सांगितलं. वरचा बाण आणि खालचा बाण यांच्या मधे जे सापडलंय त्याचं काय होतं, ते या चित्रात नाही. पुस्तकात रक्त नसतं म्हणून चालून जातं. आणि टेबल एका बाजूने उचललं तर तिसरा बाण येतो, पृष्ठभागाला लागून, उताराच्या उलट. घर्षण. पुस्तक तरीही स्थिरच. ते स्थिर राहतं ते घर्षणाने धरून ठेवल्यामुळे, असं मी दरवर्षी उत्साहाने सांगते. मी रोज सकाळी आठला हँडल फिरवून नेमकं हेच टेबल उचललं होतं. धरून ठेवणारी चादर होती आणि धरलेली होती माझ्या सासऱ्यांची पाठ.

मी फळा पुसला आणि मुलींना स्वाध्याय लिहायला सांगितलं. वर्गात फेऱ्या मारल्या. एक मुलगी म्हणाली, "बाई, तुम्ही बसा ना, आम्ही लिहितो." मी बसले नाही.

घरी नवा तक्ता झाला. बेड सपाट. वर करायचा तो फक्त जेवताना अर्धा तास, तेही आधी गुडघ्यांखाली उशी घालून. ओढणं बंद. कमरेखाली आडवी घडी घातलेली चादर, दोघांनी दोन टोकं धरायची, उचलून सरकवायचं. दर दोन तासांनी पाठीमागे उशी देऊन तिरपं करायचं, कधी डावीकडे, कधी थोडं उजवीकडे, मग सरळ. सासूबाईंच्या गुडघ्यांत तेवढा जोर नाही, हे आता सगळ्यांनी मोठ्याने म्हटलं. नवऱ्याच्या पाळ्या आणि शेजारच्या काकांच्या वेळा जुळवून मी सगळे चौकोन नावनिशी भरले. या वेळी खूण करायची ती ज्याने केलं त्याने, स्वतःच्या हाताने.

चार दिवस तो तक्ता चालला. सिस्टर म्हणाल्या, जखम वाढलेली नाही. कमी झाली असं त्या म्हणाल्या नाहीत. मी त्यांना स्कूटरपर्यंत सोडायला जाऊन परत विचारलं. त्यांनी परत तेच सांगितलं.

पाचव्या दिवशी सासूबाई गावाला गेल्या. पितृपंधरवडा चालू होता आणि घरच्या पित्रांचा स्वयंपाक दुसऱ्या कोणाच्या हाती सोपवायला त्या तयार नव्हत्या. नवरा सकाळच्या पाळीला गेला होता आणि तिथूनच परस्पर सासूबाईंना आणायला जाणार होता, सहाला परत. सकाळभर आबांजवळ काका होते, बाराची कूस त्यांनीच बदलली. दुपारी दोनचीही त्यांचीच होती. पावणेदोनला काकांचा फोन आला. सुनेला दवाखान्यात न्यावं लागतंय, येणं होत नाही.

मी एकला आलेली, जेवण झालेलं, भांडी झालेली. मी ओटा परत पुसला. मग हॉलच्या दारात जाऊन उभी राहिले. आबा भिंतीकडे तोंड करून डाव्या अंगावर होते. बारा वाजल्यापासून.

"आबा, दोन वाजले."

ते भिंतीशी बोलले. "तो आला म्हंजी व्हईल."

"ते सहाला येणार. काकाही येत नाहीत."

"मंग ऱ्हाऊ दे."

"सहा तास होतात एका अंगावर."

तिकडे देवळाली कॅम्पच्या बाजूला लष्कराच्या तोफांचा सराव चालू होता. एक धमाका झाला, मग दुसरा. स्टुलावरच्या पेल्यात पाणी थरथरलं. मी पेला उचलला, परत ठेवला. औषधांच्या बाटल्या ओळीत लावल्या. त्या ओळीतच होत्या.

"मी करते," मी म्हटलं.

"तुला नाय जमायचं. मान्सं लागतात."

"सिस्टर एकट्या करतात."

"ती सिस्टर हाय."

"मग मी कोण आहे?"

हे मी विचार न करता बोलले आणि ते चढ्या आवाजात निघालं. चोवीस वर्षांत त्यांच्याशी मी इतकं लागोपाठ बोलले नव्हते. त्यांच्या मानेवर पांढरे खुंट वाढले होते. मी तिकडेच बघत राहिले, कारण दुसरीकडे कुठे बघायचं ते कळेना.

मग ते म्हणाले, "बसका बैल पाह्यला का कधी?"

"नाही."

"बैल आजारी पडून बसला, उठंना, म्हंजी त्याला एका अंगावर ठिवायचं नाय. चार दिसांत खालचं अंग सडतं. मंग किती बी दवा करा. आमचा एक पांढरा बैल व्हता, बावीस दिस बसेल व्हता. मी न् माझा बाप, दोघंच. रोज पाच-सा येळा पलटायचो."

"दोघांनी? बैल?"

"ताकदीचं काम नाय ते." आता ते मानेने थोडे वळले, पण पूर्ण वळता येत नव्हतं, म्हणून छताकडे बघून बोलू लागले. "आधी खाली कोरडं पाचट. वल्लं ठिवायचं नाय. मंग गोणपाट सारायचं कडंनं. वढायचं नाय कधी. वढला का चामडं निघतं. पुढला गुडघा मोडायचा, आन गुडघा ज्या अंगाला जाईल त्या अंगाला धड आपसुक येतं. नुस्ता हात लावायचा."

मी बेडच्या पायथ्याचं लोखंड धरून उभी होते. "वढायचं नाय," मी म्हटलं. "हे तुम्हाला माहीत होतं."

"मंग काय."

"रोज चार वेळा तुम्हाला बगलेत धरून ओढत होते. तुम्ही एकदाही बोलला नाहीत."

"तुझ्या कागदावर लिहेल व्हतं."

"म्हणून?"

"शिकेल मान्साचा कागद. म्हटलं, मान्साचं येगळं आसंल."

मला राग आला. तो कोणावर आला ते ठरवायला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर ते मी अजून ठरवलेलं नाही. त्या माणसाला सगळं ठाऊक होतं. सासूबाई जखम लपवत होत्या ती लाजेने. हे लपवत होते माझ्या अक्षराचा मान ठेवून. आणि मी पेन घेऊन दारात उभी.

"सांगा आता," मी म्हटलं. "एकेक सांगा. मी तसं करते."

"पाठीमागली उशी काढ."

मी काढली.

"चादरीचं टोक धर. दोन्ही हातांनी, कंबरंपाशी. वढू नको, नुस्तं धर. आता माझा डावा गुडघा मोडतो का बघ. वर घे. हां. उजवा तसाच ऱ्हाऊ दे, त्याच्याखाली उशी हाय ना, तिला हात लावू नको."

त्यांचा डावा पाय मी गुडघ्याखाली धरला. धोतरातून अंगाची ऊब लागली. पाय माझ्या अंदाजापेक्षा हलका होता आणि पोटरीची कातडी सैल, आत मांस उरलंच नव्हतं. खांद्याला हात लावायच्या आधी मी एकदा हात मागे घेतला. त्यांनी ते पाहिलं असणार.

"लाव," ते म्हणाले. "आता म्या हां म्हटलं का फिरव."

त्यांनी श्वास घेतला. "हां."

मी खांदा आणि चादर एकदम माझ्याकडे आणली. जोर लावावा लागला नाही. आधी गुडघा आला, मग कंबर, मग आबा सबंध सरळ झाले आणि छताकडे बघत राहिले. माझ्या कपाळावर घाम होता. त्यांच्याही. उजव्या बाजूला तिरपं करायला मी पाठीमागे उशी दिली तेव्हा त्यांनी आपणहून अंग सैल सोडलं.

मग मी बनियन वर केलं, धोतराची कड खाली सरकवली आणि ड्रेसिंग पाहिलं. कडा चिकटलेल्या होत्या, बाहेर ओल नव्हती. तिथेच थांबणार होते. पण त्वचेचा रकाना पाठीपुरताच का, असं वाटून मी खाली आले. कोपरं पाहिली. घोटे पाहिले. डाव्या टाचेला मागे लालसर डाग होता. बोटाने दाबलं तर लाली जायला हवी, ती गेली नाही. टाच गादीवर टेकत होती, दिवसरात्र, इतके दिवस, आणि चारही जणांपैकी कोणी तिकडे पाहिलं नव्हतं. मी पोटरीखाली उशी घातली, टाच हवेत ठेवली, आणि सिस्टरना फोन लावला.

"कोणी बघितली?" त्यांनी विचारलं.

"मी."

"बरं केलंत. आज फुटली नसती, पण आठवड्यात फुटली असती. उशी तशीच ठेवा."

त्यानंतर दुपारी दोनची, चारची आणि रविवारच्या सगळ्या कुशी माझ्या झाल्या. सासूबाई परत आल्या तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मला आबांच्या खांद्याला धरलेलं पाहिलं आणि पदर तोंडाशी नेला. संध्याकाळी स्वयंपाकघरात म्हणाल्या, "गावात सांगू नको बरं." मी म्हटलं, "गावात कोणाला कूस बदलायची असली तर सांगेन." त्या हसल्या, आणि मग बराच वेळ कणीक मळत राहिल्या.

आबा माझ्याशी थेट बोलू लागले, पण गोड काही नाही. बहुतेक सूचनाच. "उशी वली हाय." "आज उतावळी करून राहिलीस." एकदा मी दोनला पाच कमी असतानाच आत गेले तर म्हणाले, "तुझ्या घड्याळात अन् माझ्या अंगात फरक पडून राहिला. अजून दुखाया लागलं नाय." मी पाच मिनिटं बेडजवळ थांबले. ती पाच मिनिटं फार लांब गेली. एकलहऱ्याचं धुराडं गॅलरीतून दिसतं, त्याचा धूर बघत राहिले. आबाही तिकडेच बघत होते.

सिस्टर दर आठवड्याला पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा जखमेवर धरून कडेने पेनाने रेघ काढायच्या. ते तुकडे मी एकावर एक ठेवले. तिसरा दुसऱ्याच्या आत बसला. चौथा बाहेर गेला, कारण मधे ताप येऊन गेला आणि जखम एका बाजूने पुन्हा ओली झाली. त्या आठवड्यात छाटणी झाली. चुलत दिरांनी केली. आबांनी फोनवर ऐकून घेतलं, कुठली ओळ कधी, काडीवर किती डोळे राखले, आणि शेवटी फोन माझ्याकडे देऊन म्हणाले, "त्यांनी वरल्या बाजूला जास्त ठिवलं. ऐकत नाय कोनी." मग स्वतःच, "बदल अंग." दोन वाजायला वीस मिनिटं बाकी होती. मी बदललं.

पाचवा तुकडा चौथ्याच्या आत आला. सहावा सुपारीएवढा. खड्डा तळापासून गुलाबी भरत वर आला. हाडाचं काम आधीच झालं होतं, पाय टेकवायची परवानगी केव्हाच मिळालेली, पण बसवायचं तर जखमेवरच भार येणार, म्हणून सिस्टरनी बसू दिलं नव्हतं. दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी त्यांनी पट्टी काढली आणि परत लावली नाही. तिथे चकचकीत, पातळ, कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी कातडी आली होती.

"भरली," त्या म्हणाल्या. "पण ही पहिल्यासारखी कधी होणार नाही, मॅडम. आयुष्यभर बघत राहायचं. बसवा आता, दहा मिनिटं. आणि बाबा, बसल्यावर दोन्ही हात गादीवर दाबून बूड उचलायचं. दहा मोजेपर्यंत. दर पाच मिनिटांनी."

"आन नाय उचललं तर?"

"तर मी परत येईन रोज."

"मंग उचलतो," आबा म्हणाले.

मी आणि नवऱ्याने त्यांना बेडच्या कडेला बसवलं. पाय फरशीला टेकले. त्यांनी फरशीवर पंजा फिरवून पाहिला, आधी डावा, मग उजवा. सासूबाईंनी चहा आणला. सिस्टर गेल्या, नवरा पाळीला गेला. मी घड्याळ घेऊन समोर उभी राहिले. तीन मिनिटं झाली. आबा बशीत चहा ओतून पीत होते, अगदी सावकाश, आणि मला त्या चमकदार कातडीशिवाय दुसरं काही डोळ्यांपुढे येईना. सगळं वजन आता तिच्या शेजारीच आलं होतं.

"बस ना जरा खाली," ते म्हणाले. "उरावर उभी राहून राहिली कव्हाची. चहा घे."

मी खुर्ची ओढून बसले. सासूबाईंनी कप हातात दिला. रस्त्यावर भाजीची गाडी थांबली होती, कोणीतरी मेथी निवडून घेत होतं. मी एक घोट घेतला. मग दुसरा. मग कप खाली ठेवून उठले.

"आबा, उचला."

त्यांनी बशी सासूबाईंकडे दिली, दोन्ही तळवे गादीवर रोवले आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "मोज."